विचर 3: टेकडीवरचं झाड आणि सात तास मागचं सेव्ह

(विचर 3 या व्हिडिओ गेममधली ब्लडी बॅरन या सरदाराची गोष्ट पुरी केली नसेल तर इथूनच मागं फिरा, पुढं सगळं फुटलंय.)

मागच्या नोंदीला सहावी लेव्हल होती, आता नववी. पावसानं रंकाळ्याची फेरी बंद, त्यामुळं रोज रात्री दोन तास गेममधल्या वेलन मुलखात.

तीन काँट्रॅक्ट (राक्षस मारायची सुपारी) उरकले. ते आता तोंडपाठ झालेत: फलक, पैशाची घासाघीस, लाल ठसे, तलवारीला तेल. त्यापेक्षा व्हाइट ऑर्चर्ड गावच्या म्हातारीचा तवा भारी. आर्ड (धक्का देणारी जादू) मारून दार फोडायचं, तवा आणून द्यायचा, बास. पण आत प्रेत, आणि तवा लख्ख, कारण कुणीतरी त्याची काजळी खरवडून शाई केलेली. स्कायरिम गेमची (2011) रेडियंट, म्हणजे आपोआप तयार होणारी, कामं कितीही करा, गुहा बदलते, काम तेच. असा एक तवा निघत नाही.

आता झाड. आतला आत्मा म्हणतो, मला सोडव, दलदलीतली पोरं वाचवतो. मी ऐकलं. हाडं आणली, कावळ्याचं पीस आणलं, मग रानटी काळा घोडा. त्याच्यामागं अर्धा तास पळलो, मग आठवलं, अरे, ॲक्सी (मन शांत करणारी जादू) आहे की! सोडवला. पोरं वाचली, मी खूश.

मग सुटलेल्या आत्म्यानं डाउनवॉरन गाव उद्ध्वस्त केलं. बॅरनबरोबर दलदलीत गेलो, बाहुल्यांतली बरोबर बाहुली उचलली, त्याच्या बायकोचा, ॲनाचा, शाप उतरला आणि ती तिथंच मेली. बॅरनच्या गढीवर, क्रोज पर्चला, आलो तर अंगणातल्या झाडाला बॅरन लटकलेला.

बाल्डर्स गेट 3 या दुसऱ्या गेममध्ये फासा वाईट पडला की माझं बोट आपोआप एफ8 वर, म्हणजे मागचं सेव्ह उघडणाऱ्या बटणावर, जातं. इथं बिल इतक्या उशिरा आलं की झाडाआधीचं सेव्ह सात तास मागं. लोड करणार कोण?

मंगळवार पेठेतल्या दोस्तानं झाडातला आत्मा सोडवण्याऐवजी मारला होता. त्याचा बॅरन वेड लागलेल्या बायकोला घेऊन ब्लू माउंटन्सकडं गेला.

"आणि पोरं?" मी विचारलं.

"पोरं गेली. पण बॅरन वाचला न्हवं?"

"बॅरन काय तुझ्या मामाचा पोरगा हाय?"

"मग ती पोरं तुझ्या आत्तीची हायत व्हय रं?"

मिसळ गार झाली, निकाल नाही.

पुढची नोंद नोव्हिग्राडहून. ते जुनं सेव्ह मात्र अजून पुसलेलं नाही.