पीए आयसीच्या दोन डब्या

सोलापूरच्या नवी पेठेतल्या माझ्या काउंटरच्या खणात सुपारीच्या दोन रिकाम्या डब्या आहेत. एकीवर मार्करनं ‘स्काय’ लिहिलंय, दुसरीवर ‘आरएफ’. आत हरभऱ्याच्या डाळीएवढ्या काळ्या चिपा. आम्हा रिपेअरिंगवाल्यांच्या भाषेत पीए आयसी, म्हणजे पॉवर अॅम्प्लिफायर. तुमचा आवाज टॉवरपर्यंत ढकलायचं काम हिचं. प्रोसेसर कितीही भारी असू दे, ही मेली की फोनचा कॅमेरा आणि टॉर्च तेवढा उरतो.

मे महिन्यात मंद्रूपकडचे एक मामा आले. “बॅटरी दुपारपत्तूर बी टिकंना, अन् नेटवर्क तर येतच नाही. दोनदा बॅटरी बदलली की हो.”

बोर्ड काढून डीसी सप्लायला लावला. पॉवर बटण दाबायच्या आधीच मीटरवर करंट. पीएला बॅटरीची लाइन थेट जाते, त्यामुळं ती शॉर्ट झाली की बंद फोनसुद्धा बॅटरी पीत बसतो. बोर्डाला रोझिनचा, म्हणजे राळेचा, धूर दिला, सगळ्यावर पांढरा थर बसला, मग पुन्हा व्होल्टेज सोडलं. दोन सेकंदांत एकच चौकोन तापून त्यावरचा थर विरघळला आणि काळं डोकं उघडं पडलं. चोर सापडला.

मामांच्या वस्तीपासून टॉवर लांब. सिग्नल कमी असला की टॉवर फोनला जोर वाढवायला सांगतो. टू-जीच्या कॉलला ९०० मेगाहर्ट्झवर फोन २ वॅटपर्यंत ताकद लावू शकतो, आणि ती सगळी या डाळीएवढ्या तुकड्यातून जाते. वर आपलं ऊन. (गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत होम मैदानावर नेटवर्क गेलं म्हणून फोन दाखवायला येतात, त्यांचे मी पैसे घेत नाही. तो दोष गर्दीचा.)

आता नवी पीए आणायची कुठून? दुकानात हा माल सुटा, खात्रीचा मिळत नाही. स्कायवर्क्स, कोर्व्हो, ब्रॉडकॉम, क्वालकॉम आणि जपानची मुराता, अशा मोजक्या कंपन्यांच्या हातात यातला मोठा धंदा आहे आणि त्यांची गिऱ्हाइकं म्हणजे अॅपल, सॅमसंग. स्कायवर्क्सची तर दोन-तृतीयांशच्या आसपास विक्री एकट्या अॅपलला. एकाच व्यापाऱ्याच्या भरवशावर माग चालवणाऱ्याची झोप कशी उडते, ते मी विणकरांच्या पूर्व भागात लहानपणापासून पाहिलंय. त्यामुळं हा आकडा वाचून मला अमेरिकेतल्या त्या कंपनीची चक्क दया आली.

माझा माल येतो दिल्लीच्या करोलबागेतून. मेलेल्या फोनांचे बोर्ड, किलोवर. हॉट एअरनं चिप उचलायची, तिच्या खालचे पॅड, म्हणजे सोल्डरच्या जोडाचे ठिपके, साफ करायचे, डबीत टाकायची. मामांच्या फोनला ‘स्काय’च्या डबीतलीच बसली. त्यांनी काउंटरवरूनच घरी फोन लावला, “मोटर बंद कर गं, पाणी बांधाबाहेर चाललं आसंल.”

इतक्या कमी कंपन्या का, हे मला फार उशिरा कळलं. मला वाटायचं पीए अवघड. खरी अवघड वस्तू तिच्या शेजारचा फिल्टर, म्हणजे हवा तेवढाच पट्टा जाऊ देणारी गाळणी. आपल्याकडं मोबाईलचे पट्टे, मेगाहर्ट्झमध्ये, ७००, ८५०, ९००, १८००, २१००, २३००, २५००, ३३००, आणि फोनला प्रत्येकाची वेगळी गाळणी लागते. त्यात २३००चा पट्टा २४००ला संपतो आणि वायफाय तिथंच सुरू होतं. बांधाला बांध. एकाचं पाणी दुसऱ्याच्या रानात जाता कामा नये.

यावरची युक्ती मला फार आवडते. १८०० मेगाहर्ट्झची रेडिओ लहर सोळा-सतरा सेंटीमीटर लांब, वीतभराला थोडी कमी. ती चिपेत मावणार कशी? म्हणून तिची ध्वनिलहर करून स्फटिकावर सोडतात. ध्वनी इतका हळू चालतो की तीच लहर दोन मायक्रॉनच्या आसपास येते, केसाच्या जाडीत अशा कितीतरी बसतील. एवढं बारीक काम लाखो नगांत अचूक काढणं सोपं नाही. त्यातला एफबार नावाचा प्रकार एचपीच्या प्रयोगशाळेत वाढला, मग अॅजिलंटकडं, मग अॅव्हॅगोकडं गेला. अॅव्हॅगोनं २०१६ मध्ये ब्रॉडकॉम विकत घेऊन तिचंच नाव लावलं. पाट्या बदलत गेल्या, पण फिल्टर आजही कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सलाच बनतात.

आमची पंचाईत वेगळी. पूर्वी पीए वेगळी, फिल्टर वेगळा, स्विच वेगळा. आता सगळं एका टोपणाखाली, मॉड्यूल म्हणून. आतला एक फिल्टर गेला की अख्खं मॉड्यूल बदला. गिऱ्हाईक विचारतं, “एवढ्याशा तुकड्याला एवढे पैसे?” सांगणार काय, डोंबल!

तीन वर्षांपूर्वी हव्यास नडला. एका व्यापाऱ्यानं ‘नवीन कोऱ्या’ पीए रिळावर दिल्या, २०० नग, चौदा हजार रुपये. अकरा फोनांना लावल्या, नऊ फोन परत आले. एका चिपेवर एसीटोनचा बड फिरवला, तर छापलेला नंबर पुसला गेला आणि खाली दुसराच नंबर निघाला. त्या व्यापाऱ्यानं पुन्हा फोन उचलला नाही. उरलेल्या चिपांवर माझ्याकडं शिकायला येणारा पोरगा सोल्डरिंगचा हात बसवतो.

त्यानंच परवा बातमी दाखवली. स्कायवर्क्स आणि कोर्व्होनं एक व्हायचं ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केलंय, नवी कंपनी २२ अब्ज डॉलरची. माझ्या दुसऱ्या डबीवरचं ‘आरएफ’ म्हणजे आरएफ मायक्रो डिव्हायसेस. ती २०१५ मध्ये ट्रायक्विंटशी मिळून कोर्व्हो झाली, तेव्हाही मी लेबल बदललं नव्हतं.

“सर, मग आता दोन्ही डब्या एकत्र करू?”

“राहू दे,” म्हटलं. “पॅड जुळत नाहीत.”