पहिलं बोअरहोल आणि पाच सेंटिमीटर

भूशास्त्राच्या एम.एस्सी.ला कोळसा मी ट्रेमध्ये पाहिला होता. मुठीएवढा तुकडा, त्यावर पांढऱ्या रंगाने घातलेला नंबर. पहिल्या नोकरीवर चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा तालुक्यातल्या ड्रिलिंग कॅम्पवर हजर झाले तेव्हा कोळसा जमिनीखाली दीडशे मीटरवर होता आणि त्याच्या वर एका शेतकऱ्याची, आमच्या काकाजींची, पऱ्हाटी म्हणजे कपाशी उभी होती.

वर्धा खोऱ्यात कोळसा आहे, हे सांगायला माझी गरज नव्हती. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण १८५१ साली सुरू झालं तेच मुख्यतः कोळसा शोधायला, आणि १८७०च्या दशकात ह्यूज नावाच्या भूवैज्ञानिकाने या खोऱ्याचा अभ्यास करून ठेवलेला आहे. आमचे प्रश्न पुढचे होते. थर किती जाड, किती खोल, कसल्या प्रतीचा आणि मध्ये कुठे तुटलाय का. त्यासाठी साधारण चारशे मीटरच्या अंतराने भोकं पाडत जायची. एका भोकाभोवतालचं दोनशे मीटरचं वर्तुळ 'सिद्ध' धरलं जातं, त्यापलीकडे नुसता अंदाज. हिशेब केला तर सुमारे ३१ एकर. त्या ३१ एकरांच्या वतीने बोलणार कोण, तर पावणेपाच सेंटिमीटर जाडीचा दगडाचा दांडका, म्हणजे आमचा कोअर.

नकाशावरची खूण नेमकी काकाजींच्या वावरात पडली. कोळसाक्षेत्रासाठी १९५७चा कायदा आहे, त्याच्या कलम ४ची अधिसूचना निघाली की पूर्वेक्षणासाठी, म्हणजे खनिजाच्या शोधासाठी, जमिनीत शिरता येतं आणि नुकसानीची भरपाई द्यावी लागते. हे सगळं मी फाईल उघडून काकाजींना वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते ठीक आहे मॅडम, पन कापूस दोन वेचे राह्यला." शेवटी बिंदू पंधरा मीटर सरकवून धुऱ्याजवळ घेतला. तेवढी मुभा असते. दोन तासांवरची, म्हणजे दोन ओळींतली पऱ्हाटी गेलीच, तिचा पंचनामा झाला.

पहिले दहा दिवस मी नुसती मोजत होते. तीन मीटरचा एक रॉड, खाली किती गेले, वर किती उरला, त्यातून खोली. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण रात्रपाळीत कोणी एक रॉड मोजायचा विसरला की खालचा सगळा लॉग, म्हणजे खोलीवार नोंद, तीन मीटरने खोटा. कोअर बॅरलमधून, म्हणजे रॉडच्या टोकाच्या पोकळ नळीतून, बाहेर आला की पेटीत डावीकडून उजवीकडे, पुस्तकाच्या ओळींसारखा मांडायचा आणि प्रत्येक रनच्या, म्हणजे एका खेपेत कापलेल्या कोअरच्या, शेवटी खोली लिहिलेला लाकडी ठोकळा ठेवायचा. वर काळी माती, मग पिवळी चिकण, मग कामठी नावाच्या खडकगटाचे लालसर-पिवळे वालुकाश्म. ५८ मीटरला परतीचं पाणी अचानक बंद झालं. वरून पंपाने पाणी ढकलतोय आणि वर काहीच येत नाही. खडकातल्या भेगांनी ते पिऊन टाकलं होतं. बेंटोनाईटची, म्हणजे पाण्यात फुगणाऱ्या मातीची, पोती ओतून दीड दिवसाने कसंबसं आवरलं. मी लॉगमध्ये एक ओळ लिहिली आणि विसरून गेले.

वाघाचं सगळे विचारतात म्हणून सांगते, दिसला नाही. रानडुकरं मात्र रोज.

कामठी संपून त्याखालच्या मोतूर गटाची रंगीबेरंगी माती आली, मग बराकार गटाचा राखाडी-पांढरा वालुकाश्म. कोळसा याच बराकारमध्ये असतो, सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतला. एका राखाडी शेलच्या, म्हणजे चिखलाच्या थरांपासून झालेल्या खडकाच्या, तुकड्यावर हातोडी टेकवली तर तो पानासारखा उलगडला आणि आत खरंच पान होतं. जिभेच्या आकाराचं, मधोमध शीर, बाजूला जाळी. ग्लॉसोप्टेरिस. परीक्षेत त्याची आकृती काढून मार्क मिळवले होते, पण ते पान पहिल्यांदा पाहणारं माणूस मीच, या विचाराने त्या दिवशी जेवण जरा उशिराच झालं.

आमच्या ड्रिलरला सगळे उस्ताद म्हणत. कोळसा लागायच्या आधी त्याला कळायचं. इंजिनाचा आवाज हलका होतो, रॉड झपाझप उतरतो आणि परतीचं पाणी शाई सांडल्यासारखं काळं होतं. १४१.३५ मीटरला तसंच झालं. पहिला कोळसा हातात घेतला तर इतका हलका, की दगडाला सरावलेला हात वरच उडाला. चमकदार पट्टे, मंद पट्टे, मध्येच राखट शेल. लगेच मोजायचं, लिहायचं आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायचं, नाहीतर त्यातली ओल उडून जाते आणि प्रयोगशाळेतला आकडा चुकतो.

कोळसा ठिसूळ. त्यात दाब आणि फेरे कमी करून एक-दीड मीटरचे छोटे रन घ्यायचे असतात. उस्तादने दिवसभर तसंच केलं. रात्रपाळीच्या पोराने १४३.२० ते १४६.२० असा सलग तीन मीटरचा रन एका दमात मारला. मीटरवर पैसे असले की असं होतं. बॅरलमध्ये तुकडा आडवा अडकला, खालचं सगळं बिटखाली, म्हणजे कापणाऱ्या टोकाखाली, भरडलं जाऊन पाण्याबरोबर वाहून गेलं. सकाळी पेटीत त्या रनचे १.७४ मीटर तुकडे होते. उरलेले सव्वा मीटर चिखलाच्या खड्ड्यात काळ्या गाळासारखे तरंगत होते.

थर १५३.८५ला संपला. एकूण जाडी १२.५० मीटर. मी तुकडे जुळवले, मोजले, पुन्हा मोजले. ११.२० मीटर हाती लागले होते, म्हणजे ८९.६ टक्के. आम्हाला कोळशात किमान ९० टक्के कोअर हवा होता, त्याखाली आलं तर काम पुन्हा.

पाच सेंटिमीटर कमी पडत होते.

ठेकेदाराचा माणूस मोटारसायकलवर आला. चहा झाला. तो पेटीजवळ उकिडवा बसला आणि दोन बोटांनी तुकडे जरा-जरा लांब सरकवले. "मॅडम, तुकड्यांत थोडी फट राहतेच. पाच सेंटिमीटर कोण बघतं?" खोटं कशाला बोलू, मलाही ते पटायला लागलं होतं. चार दिवसांचं काम वाचत होतं, उस्तादची शिव्या खाण्याची पाळी टळत होती आणि नवीन पोरगी नियम शिकवते असं कोणी म्हटलं नसतं. मग मी वहीच्या मागच्या पानावर गुणाकार केला. ३१ एकरांवर पाच सेंटिमीटर म्हणजे सुमारे ६,३०० घनमीटर, दीडच्या घनतेने नऊ हजार टनांच्या वर. तुकडे सरकवून मी नऊ हजार टन कोळसा तयार करणार होते. मी ते परत चिकटवून ठेवले आणि ८९.६ लिहिलं. तो माणूस चहाचे पैसे न देता गेला, ते मी दिले.

दोन दिवसांनी नागपूरहून जिओफिजिकल लॉगिंगची गाडी आली. भोकात तारेने प्रोब सोडतात आणि वर खेचताना खडकाची घनता, रोधकता, नैसर्गिक गॅमा असं सगळं नोंदतात. कोळशासमोर घनतेची रेघ एकदम खाली पडते. आमची रेघ पडली, पण मध्येच, नेमकी त्या हरवलेल्या रनमध्ये, पुन्हा वर उठली आणि जवळपास अर्धा मीटर वरच राहिली. गॅमाही तिथे वाढला होता, आणि तो कोळशापेक्षा मातीत जास्त असतो. म्हणजे वाहून गेलेला सगळा कोळसा नव्हताच, त्यात मातीचा पट्टा होता. मऊ माती सगळ्यात आधी धुतली जाते. तुकड्यांमधल्या फटी कोळसा म्हणून खपल्या असत्या तर पाच सेंटिमीटर राहिले बाजूला, थराच्या पोटातली अर्धा मीटर माती मी कोळशाच्या भावात मोजून मोकळी झाले असते. आणि हे मला आधी कळलं होतं असं अजिबात नाही. मला फक्त टक्केवारी खटकत होती.

वरिष्ठांनी फोनवर फार काही म्हटलं नाही. "तीन मीटर बाजूला दुसरं घ्या. १३८पर्यंत कोअर नको, पुढे मात्र अर्ध्या-अर्ध्या मीटरचे रन." चार दिवस लागले. या वेळी थरात उस्ताद स्वतः दोन्ही पाळ्यांना उभा राहिला, अधूनमधून हातरुमालाने लीव्हर पुसत. करडा मातीचा पट्टा साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत, सबंध निघाला. ४६ सेंटिमीटर. उस्तादने तो बोटाने दाबून पाहिला आणि म्हणाला, "यही चोर था."

भोकं सिमेंटने बंद करायच्या दिवशी काकाजी येऊन बसले. महिनाभर ते एकच विचारत होते, कोळसा लागला का, आणि मी महिनाभर सांगत होते की ते मला सांगता येत नाही. त्या दिवशी त्यांनी वेगळं विचारलं.

"बरं, कोयशाचं राहू द्या. इतकं खाली गेल्या, पानी कुठी लागलं?"

पाण्याबद्दल मला कोणी गप्प बसायला सांगितलं नव्हतं. लॉग उघडला, ५८ मीटरची ती ओळ काढली. म्हटलं, इथे खडकाला भेगा आहेत, आमचं सगळं पाणी प्याली. पाणी धरणारा दगड आहे.

"म्हंजे मायं बोर लागीन?"

"लागायला हरकत नाही, काकाजी."

"अन् इथी खदान झाली तं?"

खाणीत पाणी साचू देत नाहीत, उपसत राहतात, आजूबाजूच्या विहिरींची पातळी खाली जाते. मी तसंच सांगितलं. काकाजींनी वहीतल्या त्या ओळीवर बोट ठेवलं, आकडा स्वतःशी दोनदा म्हटला आणि उठले.

"मंग औंदाच मारून घेतो. दोन-चार पिकं तरी निघतीन."