टगबोटीचं वजन

बुधवार, रात्री

जुन्या बाजारातून अखेर टगबोट घरी आली, म्हणजे मोठी जहाजं ओढणाऱ्या बोटीचं रिमोटवर चालणारं मॉडेल. बाराशे सांगत होता, सातशेला दिली. दोन फूट लांब, फायबरची, बुटकी आणि पोटाला रुंद. सोबत रिमोटही आहे, उंच एरियलवाला, 27 मेगाहर्ट्झचा. मोटर जाम, बॅटरी फुगलेली, नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकाला, चार बोटं लांबीची चीर. तरी हातात घेतल्याबरोबर कळलं, ही ज्याने बनवली त्याने जीव ओतला होता. डेकवरचे कठड्याचे खांब पितळी आहेत आणि एकूण एक सरळ रेषेत.

सगळं मिळून अडीच हजारांत बसवायचं. त्याच्या वर जायचं नाही.

शनिवार

रिमोटपासून सुरुवात केली. सेल आतच फुटले होते, पट्ट्यांवर पांढरा थर चढलेला. कापसावर व्हिनेगर घेऊन पुसला, मग बारीक पॉलिश पेपर मारला. अर्ध्या तासात दिवा लागला! बोटीत रिमोटचा सिग्नल पकडणाऱ्या रिसीव्हरची एरियलची वायर अख्खी आहे हे नशीब. ती कापली असती तर रेंज गेली असती. सर्व्हो, म्हणजे सुकाणू वळवणारी छोटी मोटर, पहिल्यांदा वळला तेव्हा लेक शेजारीच होती. तिला सांगितलं, 1898 मध्ये संशोधक निकोला टेस्लाने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लोकांना बिनतारी चालवून दाखवली, ती अशीच छोटी बोट होती. तिने सुकाणू वीसेक वेळा डावी-उजवीकडे फिरवलं.

मंगळवार

जाम मोटर मोकळी झाली. कार्बन ब्रश अजून निम्मे शिल्लक आहेत. तिच्यावर 104 नंबरचे तीन कपॅसिटर लावले, एक दोन टोकांमध्ये आणि प्रत्येक टोकापासून बॉडीला एकेक. नाहीतर ब्रशच्या ठिणग्यांनी सर्व्हो थरथरत राहतो. पंख्याचा दांडा मात्र गंजून खाल्ला गेला होता. लेथवाल्याकडून चार मिलिमीटरचा स्टीलचा नवा करून घेतला. अडीचशे रुपये झाले, पण बुशमध्ये तो असा बसलाय की बोटाने फिरवला तर फिरतच राहतो. दांडा ज्या नळीतून बाहेर जातो तिच्यात टू-व्हीलर गॅरेजमधलं घट्ट ग्रीस ठासून भरलं. बाहेरचं पाणी आत यायला नको, ते हे ग्रीसच अडवतं.

रविवार

आजचा दिवस लिहून ठेवावा असा.

बॅटरीपाशी मी आठवडाभर अडलो होतो. डोक्यात लिथियम सेलच होते, कारण सगळे तेच वापरतात. चीर आतून फायबरची मॅट आणि रेझिन लावून बुजवली होती (पावसाळी हवेत सुकायला दोन दिवस घेतले), म्हणून आज धुण्याच्या मोठ्या टबात बोट नुसती सोडून पाहिली. तळाचा तांबडा आणि वरचा काळा रंग जिथे मिळतात, तिथपर्यंत पाणी यायला हवं. ते दोन बोटं खालीच राहिलं. बोट बुचासारखी डुलत होती, जरा धक्का लागला की कलंडायची. लेकीने स्वयंपाकघरातून मिठाचे पुडे आणले. एक ठेवला, थोडी बसली. दुसरा ठेवला आणि पाणी बरोबर रेषेला टेकलं!

म्हणजे हिला दोन किलो वजन मुद्दाम द्यावंच लागणार. मग हलक्या लिथियमला जादा पैसे का मोजायचे? दोन सेल शंभर ग्रॅमही भरत नाहीत. इमर्जन्सी लाइटमध्ये असते ती 6 व्होल्ट, साडेचार अँपिअर-अवरची लेड-अ‍ॅसिड बॅटरी पाऊण किलोची, आणि मिळाली 380 रुपयांत. टगबोट वेगाने पळण्यासाठी नसतेच, तिचं काम दुसऱ्याला ओढणं. उरलेला सव्वा किलो टायरच्या दुकानातून फुकट मिळाला, चाकांवरून काढून टाकलेले शिशाचे तुकडे. ते तळाच्या मध्यरेषेवर, जितके खाली बसतील तितके खाली चिकटवले. हात दोनदा साबणाने धुतले, लेकीला शिशाला हात लावू दिला नाही.

मोटरचा वेग कमी-जास्त करणारा स्पीड कंट्रोलर साडेसहाशेचा. त्याचा जंपर (बॅटरीचा प्रकार ठरवणारी छोटी पिन) लिथियमवरून काढून निकेलच्या खुणेवर लावला, नाहीतर 6 व्होल्टला तो बॅटरी संपली समजून मोटर बंद करतो. रेझिन, मॅट, ग्रीस, कपॅसिटर सगळं धरून 2,260 झाले.

पुढचा रविवार, सासवडहून परतल्यावर

भावाच्या अंजिराच्या बागेतल्या शेततळ्यावर गेलो. तळ्याचा प्लॅस्टिक कागद शेवाळाने निसरडा असतो, आत घसरलेल्या माणसाला बाहेर येता येत नाही. म्हणून बोटीच्या मागच्या कडीला मासेमारीची नायलॉन दोरी बांधली आणि लेकीला कुंपणाच्या बाहेरच उभं केलं. बंद पडली तर दोरीने ओढून घ्यायची, काठावरून खाली उतरायचं नाही.

हळूच थ्रॉटल दिला. मागे पाणी उकळल्यासारखं झालं आणि ती निघाली, जड, ठाम, अजिबात न डुलता. मध्यावर वारा होता तरी नाक ढळलं नाही. मग भावाने रिकामा पाच लिटरचा कॅन मागे बांधून दिला. तोही ओढत नेला.

चाळीस मिनिटांनी झाकण उघडलं. आत दोन चमचे पाणी. दांड्याची नळी कोरडी होती, पाणी सुकाणूच्या भोकातून आलंय. उद्या तिथेही ग्रीस भरतो.