चहाच्या पेल्यातली राणी आणि घोड्याच्या कातड्यातली पोर

हांगझोउला लोक येतात ते वेस्ट लेकसाठी. मीही त्यासाठीच आले होते, पण दुसऱ्या दिवशी पावसाने असा काही जोर धरला की तळ्याचा नाद सोडून युहुआंग टेकडीच्या पायथ्याशी असलेलं रेशीम संग्रहालय गाठलं. प्रवेश फुकट. ओली छत्री बाहेर ठेवली आणि आत शिरले.

रेशमाचा विषय निघाला की चीनमध्ये पहिली गोष्ट ऐकायला मिळते ती लेइझूची. पीतसम्राट हुआंगदीची ही राणी तुतीच्या झाडाखाली चहा घेत बसली होती. वरून एक कोष टपकन पेल्यात पडला. तो काढायला गेली तर हाताला धागा लागला, आणि ओढेल तसा सुटतच गेला. हे घडलं म्हणे इ.स.पू. २७०० च्या सुमारास. आता गंमत बघा. सिमा चियान या जुन्या इतिहासकाराने हुआंगदीची बायको म्हणून लेइझूचं नाव दिलंय, पण तिथे रेशमाचा एक शब्द नाही. तो मान तिला फार नंतर मिळाला. शिवाय शान्शी प्रांतातल्या शीयिन गावी १९२६ मध्ये उत्खननात अर्धा कापलेला कोष सापडला, तो राणीच्याही आधीचा मानतात. हुझोउजवळच्या चियानशानयांगला १९५८ मध्ये मिळालेले रेशमी तुकडे चार हजार वर्षांहून जुने आहेत.

तरी ती चहाची गोष्ट अगदीच हवेतली नाही. हे कळलं पुढे सुझोउला, एका छोट्या कारखान्यात. कढत पाण्याच्या घंगाळात कोष तरंगत होते. धागे एकमेकांना चिकटवणारा डिंक गरम पाण्यात सैल होतो. एक बाई केरसुणीसारख्या कुंच्याने कोष हलकेच ढवळत होत्या, टोकं कुंच्याला लागली की पाच-सात एकत्र करून रहाटावर चढवत होत्या. एकाच कोषाचा धागा हजार मीटरपर्यंत भरतो. गोष्ट रचणाऱ्याने कोष उकळताना नक्की पाहिले असणार.

पण मला राणीपेक्षा दुसरी गोष्ट जास्त पटली. चौथ्या शतकात गान बाओने जमवलेल्या अद्भुत कथांमध्ये ती आहे. बाप दूर गेलेला, घरात मुलगी एकटी. ती घोड्याला थट्टेने म्हणते, बाबांना घेऊन आलास तर तुझ्याशी लग्न करीन. घोडा दावं तोडून धावतो आणि बापाला घेऊन येतो. मग मुलगी दिसली की खिंकाळतो, वैरणीला तोंड लावत नाही. बापाला कारण कळतं. तो बाण मारून त्याला ठार करतो आणि कातडं अंगणात वाळत घालतो. मुलगी त्या कातड्याला लाथ मारून हिणवते, तशी ते उठतं, तिला गुंडाळतं आणि उडून जातं. काही दिवसांनी दोघं झाडावर सापडतात, रेशीमकिडा होऊन कोष विणताना. त्या झाडाचं नाव 'सांग', तुती. गमावणे या अर्थाचा चिनी शब्दही 'सांग'च.

कारखान्यातल्या एका ट्रेमध्ये जिवंत किडे होते. तुतीचा पाला खाताना सुपात तांदूळ घोळल्यासारखा आवाज येत होता. एकाने मान वर उचलली आणि डावीउजवीकडे हलवली. हुबेहूब घोडा! म्हणून तिकडच्या खेड्यांत रेशमाची देवी घोड्यासोबत दाखवतात. दरबाराची देवी मात्र लेइझूच. बीजिंगच्या बेइहाई बागेत तिच्या पूजेसाठी १७४२ मध्ये बांधलेली वेदी आहे, तिथे सम्राज्ञी स्वतः पूजेला बसत.

घंगाळाच्या तळाशी कोषातले तपकिरी किडे साचले होते, धागा उतरल्यावर उरलेले. वास उग्र, काहीसा सुकटासारखा.

रात्री आईला फोन केला. ती देवपूजेला रेशमी मुकटा नेसते, म्हणून जरा बिचकतच घंगाळाचं सांगितलं.

"ठाऊक आहे गं मला," ती म्हणाली. "तू आधी त्या घोड्याचं सांग. बापाने मारलं, पुढे?"