मराठी पावतीपायी बनलेला बोर्ड

आमचं युनिट सांगलीला, कुपवाड एमआयडीसीत. सुरुवात वजनकाट्यांच्या दुरुस्तीपासून झाली. पुढे दूध संकलन केंद्रांसाठी लहान कंट्रोलर बनवू लागलो. काटा दुधाचं माप देतो, अ‍ॅनालायझर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) देतो, कंट्रोलर दरपत्रकावरून रक्कम काढून पावती छापतो. एवढ्या कामाला आठ बिटांचा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपवरचा साधासा संगणक, पुरायचा, आणि वर्षानुवर्षं पुरलाही.

घोडं अडलं ते पावतीपाशी. संस्थांचे सचिव मागे लागले, की सभासदाचं नाव मराठीत छापा. एक सचिव तर म्हणाले, "अहो साहेब, म्हातारी माणसं इंग्रजी नाव वाचत नाहीत आणि संशय माझ्यावर घेतात." रास्त बोलणं होतं. पण स्वस्त थर्मल प्रिंटरला जोडाक्षरं, वेलांट्या, रफार नीट बसवता येत नाहीत. अख्खी ओळ आपणच चित्र म्हणून तयार करायची आणि ठिपक्या-ठिपक्यांनी पाठवायची. ५८ मिलिमीटरच्या कागदावर आडवे ३८४ ठिपके मिळतात. अक्षरं जुळवायला हार्फबझ, रंगवायला फ्रीटाइप, ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट. ती सहज चालवायची तर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम हवी, आणि लिनक्स म्हणजे आमच्या जुन्या बोर्डाला न झेपणारी गोष्ट.

तयार बोर्ड का नाही घेतला, असं लोक विचारतात. २०२१-२२ च्या टंचाईत रास्पबेरी पाय हा लिनक्स चालवणारा तयार बोर्ड मिळवायचा प्रयत्न ज्यांनी केला, ते हा प्रश्न विचारत नाहीत. शिवाय आम्हाला एचडीएमआय नको होतं, वायफाय नको होतं. हवे होते यंत्रं जोडायला तीन सिरियल पोर्ट आणि एक यूएसबी. आपल्या चिपचा, आपल्या मापाचा बोर्ड करायचा हे ठरलं. भांडवल म्हणाल तर काट्यांच्या एएमसीतून (वार्षिक देखभाल करारांतून) उरेल तेवढं.

खर्च कुठे होतो हे भागीदाराने आधी मांडून दाखवलं. लिनक्स चालवणाऱ्या बहुतेक प्रोसेसरना बाहेरून डीडीआर मेमरी जोडावी लागते. तिच्या रेघा सारख्या लांबीच्या काढायच्या, त्यासाठी पीसीबीचे, म्हणजे सर्किट छापलेल्या पट्टीचे, थर वाढवायचे. वर चिप बीजीए पॅकेजमध्ये, म्हणजे सगळे जोड पोटाखाली. जोड नीट बसलाय का ते बघायला एक्स-रे लागतो. यातलं एकेक कलम आमच्यासारख्याचा धंदा बसवणारं. म्हणून मेमरी पोटातच असलेली चिप शोधली. ऑलविनरच्या एफ१सी२००एसमध्ये ६४ एमबी डीडीआर आतच असते, आणि पॅकेज ८८ पायांचं क्यूएफएन, म्हणजे पाय कडेला असलेलं, एका बाजूला १० मिलिमीटर. गाभा एआरएम९, म्हणजे जुनाच, पण पावती छापायला कोणाला घाई आहे? याच घराण्यातल्या एफ१सी१००एसवर एका अमेरिकन इंजिनिअरने २०१९ मध्ये लिनक्स चालणारं व्हिजिटिंग कार्ड बनवून दाखवलं होतं. तसल्या पातळ कार्डावर जे चालतं ते आमच्या डब्यात का चालू नये!

डिझाइन कायकॅड या पीसीबी आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये केलं. त्याला लायसन्सचा पैसा लागत नाही, आणि सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेने हातभार लावल्यापासून ते व्यावसायिक कामाच्या लायकीचं झालंय, असं माझं मत आहे. पैसे वाचले ते मात्र बोर्ड दोन तुकड्यांत केल्यामुळे. प्रोसेसर, फ्लॅश (वीज गेली तरी टिकणारी मेमरी) आणि त्यांना लागणारे ३.३, २.५ व १.१ व्होल्टचे पुरवठे एका लहानशा चार थरांच्या मोड्यूलवर. कनेक्टर, सिरियल चिपा आणि वीजपुरवठा मोठ्या, पण दोनच थरांच्या कॅरियरवर. मध्ये बर्ग स्ट्रिप, म्हणजे जोडायच्या पिनांची पट्टी. चार थरांचा महागडा भाग आगपेटीएवढाच राहिला. मोड्यूलचं सोल्डरिंग स्टेन्सिल (सोल्डर पेस्ट लावायचा भोकांचा पत्रा) लावून आमच्याच छोट्या ओव्हनमध्ये होतं. क्यूएफएनच्या मधल्या मोठ्या पॅडला स्टेन्सिलमध्ये एकच भोक न ठेवता चार खिडक्या ठेवायच्या. पेस्ट जास्त झाली की चिप तरंगते आणि कडेचे पाय टेकत नाहीत.

चिपमध्ये वाचलेला पैसा आम्ही कॅरियरवर मोकळ्या हाताने घातला. केंद्रावर काटा एका प्लगवर, अ‍ॅनालायझर दुसऱ्यावर, अर्थिंग बहुधा नावालाच. दोन यंत्रांच्या ग्राउंडमध्ये फरक पडला की तो सिरियल केबलमधून वाट काढतो आणि पहिला बळी चिपचा जातो. म्हणून काटा आणि अ‍ॅनालायझर या दोन्ही पोर्टना आयसोलेटर (सिग्नल जाऊ देऊन विजेचा जोड तोडणारी चिप) आणि स्वतंत्र एक वॅटचा डीसी-डीसी पुरवठा दिला. पुरवठ्याच्या तोंडाशी व्होल्टेजचे झटके गिळणारा टीव्हीएस डायोड, आपोआप पूर्ववत होणारा पॉलिफ्यूज आणि बॅटरी उलटी जोडली तर वाचवणारा मॉसफेट. उलटी जोडतातच. एका ओळखीच्या उत्पादकाने हे सगळं 'चैन' म्हणून उडवायचा सल्ला दिला होता. मला विचाराल तर प्रोसेसर अजून स्वस्तातला घ्या, पण इथे हात आखडू नका.

विजेचा दुसरा त्रास, ती मधेच जाते तेव्हा, डेटाचा. बिल दहा दिवसांनी निघतं, तोवर प्रत्येक नोंद म्हणजे कोणाचे तरी पैसे. सिस्टिम बिल्डरूट या लिनक्स बांधायच्या साधनाने बांधून १६ एमबीच्या फ्लॅशमध्ये फक्त वाचण्यापुरती ठेवली, त्यामुळे मधेच लाइट गेली तरी ती बिघडत नाही. नोंदी आधी एफरॅममध्ये जातात; ही मेमरी झटपट लिहिते आणि वीज गेली तरी विसरत नाही. एक नोंद ३२ बाइटची. दोनशे सभासदांची एक वेळ ६.४ केबीत मावते, आणि ३२ केबीची एफरॅम सहज मिळते. संकलन संपलं की तिथून फ्लॅशच्या वेगळ्या भागावर प्रत निघते, आणि सचिवांना हवी तेव्हा पेनड्राइव्हवर.

जुनी केंद्रं आता एकेक करून या बोर्डावर येताहेत. बिघाड बहुतेक कॅरियरमध्येच निघतो, तेव्हा आमचा मुलगा मोटारसायकलवर दुसरा कॅरियर नेतो, जुन्यावरचं मोड्यूल उपटून त्यावर बसवतो आणि संध्याकाळचं संकलन चुकत नाही. मोठ्या संस्थांना आता इथरनेट (केबलने नेटवर्कला जोडणी) हवंय. त्यासाठी व्ही३एस चिप घेतली आहे. तिच्यातही ६४ एमबी मेमरी आतच, इथरनेटचा फिजिकल भागही आतच, आणि १२८ पाय बाहेर दिसणारे. बर्ग स्ट्रिपवरच्या पिना तशाच ठेवून फक्त इथरनेटच्या चार वाढवल्यात. मोड्यूलचं लेआउट भागीदाराकडे आहे, नवा कॅरियर माझ्याकडे.