पहिली तार

अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली, आबांच्या नावाची घागर भरून झाली, पाहुणे आपापल्या गावाला गेले, आणि मी चार दिवस झाले एका तीस रुपयांच्या बिलापाशी अडकून बसलोय.

पुरणपोळ्यांचं खापर काढायला माळ्यावर चढलो होतो. ही खाली स्टूल धरून उभी, माय स्वयंपाकघरातून ओरडतेय की खापर सांभाळ, आणि खापराच्या मागे गोणपाटाखाली ती माझ्या गिटारची बॅग. ती तिथेच आहे हे मला माहीत होतं, ११ वर्षं माहीत होतं, तरी हात लागला तेव्हा पोटात कालवल्यासारखं झालं. खापर खाली दिलं आणि परत वर वळून बॅग पण काढली. ही काही बोलली नाही, फडकं तेवढं हातात दिलं.

उघडली ती दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळे झोपल्यावर. वर पत्रे आहेत, चाळीसगावचा एप्रिल-मे, बाहेर ४३ असलं की माळ्यावर हात ठेववत नाही. लाकूड सुकून आक्रसलंय, फ्रेटची, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची, टोकं कडेने बाहेर आलीत, मानेवरून हात फिरवला की बोचतात. तारा अडकवतात तो ब्रिज मागून उचललाय, पोस्टकार्ड सरकेल एवढी फट. तारा फळीपासून इतक्या वर गेल्यात की बाराव्या फ्रेटवर दाबायला ताकद लावावी लागते. पाच तारा गंजून तपकिरी, पहिली नाहीच.

तरी वाजवली. ई मायनर कॉर्ड लागला, जी लागला, सी ला जरा वेळ लागला. एफ लागलाच नाही, पहिलं बोट आडवं टाकलं की निम्म्या तारा मुक्या. बोटांची टोकं पार मऊ झालीत. कॉलेजात असताना डाव्या हाताच्या टोकांना घट्टे होते, माचीसची काडी विझवायचो त्यांनी. दहा मिनिटांत लाल झाली, आत्ता चहाचा कप धरताना पण हुळहुळतात.

राणूने दारातून बघितलं. पप्पा हे कोणाचंय? मी म्हटलं माझं. ती हो का म्हणून खेळायला गेली. ते जरा लागलं, पण ते राहू दे.

तर बिल. पुढच्या कप्प्यात तारा छेडायचं पिक शोधत होतो. पिक मिळालं नाही, एक पाकीट मिळालं, पहिली तार, न फोडलेली, आणि त्याला टाचलेलं जळगावच्या दुकानाचं बिल. तारीख १९ मार्च २०१४.

आता ही तारीख कोणाला सांगून काय कळणार. २०१४ ची गारपीट मात्र इकडे कोणाला सांगावी लागत नाही. फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत ठोकत होती. आमचा गहू आडवा, हरभरा गेला, लिंबाच्या झाडांना नुसत्या काड्या राहिल्या, आबा बांधावर बसलेले आणि कोणी त्यांच्याजवळ जायचं नाही. मी सगळ्यांना हेच सांगत आलो. हिला लग्नाआधी सांगितलं, ऑफिसात सांगितलं, गिटार शिकवणाऱ्या बापूला फोनवर सांगितलं, की बाबा गारपिटीत सगळं गेलं, मग घराकडे बघायचं की गिटारकडे, त्यात तार तुटली, आणि तेव्हापासून बंद. सांगताना माझा आवाज पण जरा खाली जायचा. समोरचा गप्प व्हायचा. मला ते बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

आणि हे बिल गारपिटीनंतरचं आहे.

म्हणजे सगळं गेल्यावर सुद्धा मी जळगावला गेलो, तार मागितली, पैसे दिले, पाकीट कप्प्यात ठेवलं. म्हणजे मला वाजवायचं होतं. मग वाजवलं का नाही? खूप आठवून बघितलं. त्या दिवशी कशाला गेलो होतो ते आठवत नाही. एकटा होतो की बापू होता सोबत, आठवत नाही. आबा काही म्हणाले असं पण नाही, आबा एकदाच काय ते म्हणाले होते आणि ते फार आधी.

आणि तारा सैल नव्हत्या केलेल्या. हे तर मला त्या बिलापेक्षा जास्त छळतंय. बापूने पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं की महिनाभर हात लावणार नसशील तर तारा सैल करून ठेव. स्टीलच्या सहा तारा सुरात असल्या की मानेवर साधारण सत्तर किलोचा ताण असतो, तो रात्रंदिवस ओढत राहतो, म्हणून तर मान वाकली, उन्हात डिंक मऊ पडला आणि ब्रिज उचलला. मला हे सगळं माहीत होतं तेव्हा. तरी सैल केल्या नाहीत. याचा अर्थ बॅगेची चेन लावली त्या दिवशी मी उद्या वाजवणार होतो. सोडणारा माणूस तारा सैल करतो ना? मी तर सोडलीच नव्हती. मग ११ वर्षं मी काय करत होतो?

काल संध्याकाळी स्टेशनकडून येताना केकी मूस यांच्या घरावरून आलो. लहानपणापासून ऐकतोय, इंग्लंडहून शिकून आले आणि मग इथे चाळीसगावात दशकानुदशकं उंबऱ्याबाहेर जवळपास पडलेच नाहीत, १९८९ ला गेले तोवर घरातच फोटो आणि कला. कोणाची तरी वाट बघायचे, रात्री पंजाब मेल येऊन जाईपर्यंत दार उघडं ठेवायचे अशी गोष्ट सांगतात. ते दार तरी रोज कोणीतरी हाताने उघडत होतं. माझ्या बाबतीत तसं काहीच झालं नाही. एक दिवस नाही वाजवली, मग दुसरा दिवस, मग नोकरी, मग लग्न, राणू, आबांचं दुखणं, आणि माळ्यावर ती कोणी ठेवली ते पण मला माहीत नाही. मीच ठेवली असणार.

कारण खरंच गारपीट असती तर बरं झालं असतं असं काल रात्री वाटलं आणि मग आबांचा बांधावरचा चेहरा आठवला आणि शरम वाटली.

आज हिला बिल दाखवलं. तिने तारीख बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली तार चांगली असेल का अजून? बस एवढंच. मी चार दिवस जे घेऊन फिरतोय त्यातलं एक अक्षर तिने विचारलं नाही आणि मला एकदम हलकं वाटलं, का ते नाही सांगता येत.

तार चांगली होती. पाकिटात टोकाच्या कडीला गंजाचा एक ठिपका, बाकी चकचकीत. बाकीच्या पाच तिच्याशेजारी फारच म्हाताऱ्या दिसतात, त्या पगार झाल्यावर बदलेन, ब्रिज पण चिकटवून घ्यायचाय, तोवर सगळ्या एक सूर उतरवून ठेवायच्या म्हणजे ओढ कमी बसेल. खाली कूलरपाशी बसून लावली. अ‍ॅप नाही वापरलं, जुन्या पद्धतीने, सहावी पाचव्या फ्रेटवर दाबून पाचवी जुळवायची, तशीच पुढे. तिसरीवर आलो आणि बोट आपोआप चौथ्या फ्रेटवर गेलं. तिथे पाचवा नाही, चौथा लागतो. मला विचारलं असतं तर मी चुकीचं सांगितलं असतं. बोटाला माहीत होतं. मी थोडा वेळ तसाच बोट दाबून बसलो.

मग अंथरुणं घेऊन सगळे गच्चीवर आले तेव्हा मी पण घेऊन आलो. वर आलो तर परत बेसूर. खाली कूलरची ओल, वर गरम कोरडी हवा, आणि नवी तार तशी पण दोन-तीन दिवस ताणत जाते, उतरते. परत लावली. परत उतरली.

माय अंधारातून म्हणाली, काय करी ऱ्हायना रे?

म्हटलं, तार लाई ऱ्हायनू माय.

ती कूस बदलून म्हणाली, लाय मंग.

राणू झोपलीये. लांब एक मालगाडी चाललीये, संपतच नाहीये. अर्धा सूर उतरलीये परत, जरा पिळतो.