रिलेच्या डायलला हात लावण्याआधी

"सर, पंप दोनदा ट्रिप झाला होता. रिले थोडा वाढवला, आता मस्त चाललाय."

रात्री पावणेदोनला हे फोनवर इलेक्ट्रिशियनकडून ऐकून मी "बरं" म्हणालो आणि कूस बदलली. चूक तिथेच झाली, आणि ती माझी. सकाळी पोचलो तेव्हा ड्रायरमधली हवा ओढणारा आमचा व्हॅक्यूम पंप जाम झालेला होता आणि मोटरच्या टर्मिनल बॉक्समधून जळक्या वार्निशचा तो ओळखीचा वास येत होता. पंप उघडला तर तीनपैकी दोन पाती तुटलेली आणि सिलिंडरला आतून चरे पडलेले.

आधी पॅनेलचं सांगतो. मोटरच्या नेमप्लेटवर 28 अँपिअर. स्टार्टर स्टार-डेल्टा, म्हणजे मोटर स्टार जोडणीत सुरू करून मग डेल्टात नेणारा. आणि आमच्या पॅनेलमध्ये ओव्हरलोड रिले (करंट डायलवरच्या आकड्यापेक्षा वाढला की मोटर बंद, म्हणजे ट्रिप, करणारा) फेजच्या वाटेवर, मोटरच्या एकेका वाइंडिंगकडे जाणाऱ्या तारांवर, बसवलेला. म्हणजे त्याच्यातून पूर्ण लाइन करंट (नेमप्लेटवरचा तो 28) जातच नाही, त्याच्या 0.58 पटच जातो. म्हणून डायल 16 वर हवा. इलेक्ट्रिशियनने तो 22 वर नेला होता. त्याच्या हिशेबाने 22 म्हणजे 28 च्या आतच की! प्रत्यक्षात मोटरने 38 अँपिअर ओढले तरी रिले गप्प बसणार होता. त्याला दोष देत नाही, हा हिशेब त्याला कोणी समजावलाच नव्हता.

पण रिले बरोबर लावला असता, तरी त्याने वाचवली असती ती मोटर. पंपाच्या आत काय चाललंय हे रिलेला कळत नाही. त्याला कळतो फक्त करंट, आणि करंट वाढतो तो बहुतेक वेळा आजार मुरल्यावर.

आमच्या पंपाचा आजार साइट ग्लासमध्ये, म्हणजे तेल बघायच्या काचेत, सगळ्यांना दिसत होता. तेल दुधाळ झालं होतं. ड्रायरमधला माल त्या आठवड्यात जास्त ओला येत होता. त्याची वाफ पंपात आली, दाबली गेली आणि एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडायच्या आतच तिचं पाणी झालं. पाणी तेलात घुसळलं गेलं. अशा व्हेन पंपात, म्हणजे फिरत्या पात्यांच्या पंपात, तेल तीन कामं करतं: फटी बुजवतं, वंगण देतं, उष्णता काढून नेतं. पाणी मिसळलं की तिन्ही बिघडतात. वर हे घट्ट झालेलं तेल एक्झॉस्ट फिल्टरमध्ये जाऊन बसलं. फिल्टर चोक झाला की पंपाला हवा बाहेर ढकलायला जास्त जोर लागतो, तो जोर करंटमध्ये दिसतो आणि रिले पडतो. रिले दोनदा पडला तो यासाठी.

यावरचा उपाय जुना आहे. वोल्फगांग गेडे या जर्मन शास्त्रज्ञाने 1935 साली गॅस बॅलास्ट काढला. दाबताना थोडी बाहेरची हवा आत सोडायची, म्हणजे वाफेचं पाणी व्हायच्या आधीच व्हॉल्व्ह उघडतो आणि वाफ बाहेर जाते. आमच्या पंपावर तो नॉब होता. बंद. कारण उघडला की व्हॅक्यूम जरा कमी दिसतो आणि ऑपरेटरला गेजवरचा आकडा प्यारा! आता आम्ही माल जोडण्याआधी सक्शन बंद ठेवून, बॅलास्ट उघडून पंप अर्धा तास गरम करतो. बॅच संपल्यावरही तसाच अर्धा तास चालवतो.

अजून एक गैरसमज मला सतत भेटतो: व्हॅक्यूम जितका खोल, तितका मोटरवर लोड जास्त. तसं नाही. खोल व्हॅक्यूममध्ये दाबायला गॅसच फारसा उरत नाही, आणि अगदी सुरुवातीला दाबाचा फरक नसतो. कॉम्प्रेशनचं काम सगळ्यात जड होतं मध्येच, साधारण 350 ते 400 मिलिबारच्या आसपास. निरोगी सिस्टिममध्ये पंप हा घाट काही मिनिटांत ओलांडतो. एखादं फ्लँज (पाइपचा जोड) गळत असेल तर तो तिथेच अडकून राहतो आणि तासन्‌तास तापतो. म्हणून करंट जास्त दिसला की मी आधी गेजचा काटा कुठे थांबलाय ते बघतो.

दुसऱ्या जातीच्या पंपांचं लोड वेगळं वागतं. मुख्य पंपाच्या पुढे बसवलेल्या रूट्स बूस्टरचं गणित सरळ आहे: दोन्ही बाजूंच्या दाबात जितका फरक, तितका लोड. म्हणून मागच्या मुख्य पंपाने दाब पुरेसा खाली आणल्यावरच प्रेशर स्विचने तो चालू करायचा, नाहीतर बायपास व्हॉल्व्ह किंवा मोटरचा वेग कमी-जास्त करणारा व्हीएफडी हवा. लिक्विड रिंग पंपाचं, म्हणजे आत फिरणाऱ्या पाण्याच्या कड्याने सील होणाऱ्या पंपाचं, दुखणं निराळं. सीलचं पाणी 40 अंशांवर गेलं की त्याची वाफ व्हायला 74 मिलिबार पुरतात. त्याच्या जवळ ओढत गेलात तर केसिंगमध्ये खडी पडल्यासारखा आवाज येतो आणि इम्पेलर कुरतडला जातो. सक्शनला हवा सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह असला की हे टळतं.

नवीन पंप आल्यावर मी रिलेच्या डायलवर 16 च्या रेघेशी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. बायकोची बाटली होती, अजून परत केलेली नाही. पॅनेलच्या दारावर एक कागद चिकटवला: दर पाळीला क्लॅम्प मीटरचा करंट, तेलाचं तापमान, एक्झॉस्टचा दाब.

परवा रात्री पुन्हा फोन. "सर, ट्रिप झाला."

"डायल?"

"हात नाही लावला. एक्झॉस्टचा काटा लाल पट्ट्यात आहे. फिल्टर काढायला घेतलेत."